रिकाम्या बॅटरीचा काटा

नमस्कार मंडळी. गेले काही दिवस या धाग्यावरचे भुताखेतांचे अनुभव वाचतोय. खरं सांगू का, निम्मे वाचून हसूच आलं. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता आणि अजूनही नाही म्हणा... माझा धंदाच तसा आहे. पौडला एसटी स्टँडजवळ माझं बॅटरीचं दुकान आहे. चार्जिंग, दुरुस्ती, जुनी घेऊन नवी देणे. आमचं गिऱ्हाईक रोजच भुताच्या गोष्टी सांगत असतं. 'काल चांगली होती शेठ, रातीत आपोआप उतरली.' आपोआप काही उतरत नाही हो. कुठेतरी दिवा चालू राहिलेला असतो, नाहीतर वायर बॉडीला लागलेली असते. मीटर लावायचा, काटा बघायचा, भूत सापडतंच.

पण एकदा मीटर माझ्याच हातात होता, आणि काट्याने जे दाखवलं त्याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही. बायको म्हणाली, कुठेतरी लिहून टाका, म्हणजे रोज रोज माझं डोकं खाणार नाही. म्हणून लिहितोय.

आम्ही मूळचे लातूरकडचे. बायको सुमन आरोग्यसेविका. तिची नेमणूक मुळशीला झाली म्हणून मी चालतं दुकान मोडून तिच्यामागे इकडे आलो. (आमच्याकडच्या नातेवाइकांनी यावर जे टोमणे मारले ते इथे लिहीत नाही.) तिच्याकडे ज्या वाड्या होत्या त्यातल्या काही धरणाच्या पलीकडच्या काठावर होत्या. पौडवरून जीपने पाण्यापर्यंत जायचं आणि तिथून कोंडीबामामांच्या बोटीने पलीकडे. रस्त्याने जायचं म्हटलं तर सगळ्या पाण्याला वळसा, आणि पुढे डोंगरातली पायवाट. त्यामुळे बोट म्हणजे त्या लोकांचा जीवच.

ही गोष्ट २००५ च्या सुमाराची. त्या पावसाळ्यात सुमनला सातवा महिना लागला होता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आधी दोनदा निराशा पदरात पडली होती, त्यामुळे मी किती हळवा झालो होतो ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. रजा घे म्हणून मी तिच्या हातापाया पडलो. ती म्हणायची, 'आत्ताच रजा संपवली तर बाळ झाल्यावर कुणाच्या जिवावर टाकू त्याला?' मुद्दा बरोबर होता, म्हणून मला जास्तच राग यायचा. ती सकाळी निघाली की मी दिवसभर दुकानात बसल्या जागी चुळबुळत असे, आणि संध्याकाळी ती दारात दिसली की मगच चहा घशाखाली उतरे.

आता बोटीचं सांगतो. पत्र्याची लहानशी बोट, त्यावर जुनं डिझेल इंजिन. हँडल मारायची सोय कधीच झिजून गेलेली, त्यामुळे सगळा भार बटण दाबून इंजिन फिरवणाऱ्या सेल्फवर, म्हणजे बॅटरीवर. डिझेल इंजिन एकदा चालू झालं की त्याला बॅटरी लागत नाही. पण मध्येच बंद पडलं तर? पाण्याखालच्या पंख्यात गवत अडकतं, डिझेलमध्ये हवा धरते, काहीही होतं. अशा वेळी भर पाण्यात पुन्हा चालू करायला बॅटरीशिवाय कुणी नाही. वल्ही होती, पण पावसाळ्यातल्या वाऱ्यात त्या बोटीला वल्ह्यांनी वळवायचं म्हणजे ट्रकला काठीने ढकलण्यासारखं.

आणि ती बॅटरी... काय सांगू! काळ्या कडक रबराच्या पेटीतली, जुन्या जमान्यातली. हल्ली सगळ्या प्लास्टिकच्या पेट्या येतात. कोंडीबामामा रोज संध्याकाळी ती बोटीवरून सोडवायचे, पोत्यात गुंडाळून डोक्यावर घ्यायचे आणि चढ चढून घरी न्यायचे. घरी त्यांच्या मंडळी, ठकूमावशी, ती चुलीच्या कडेला लाकडी पाटावर ठेवायच्या. पावसाळाभर ती तिथे उबेला. मी एकदा टिंगल केली तर मावशी म्हणाल्या, 'बाळंतिणीवानी शेकाय लागती ती. गारठली की उठत न्हाई.' यात तथ्य आहे बरं का, थंडीने बॅटरीचा जोर कमी होतो. बॅटरीत घालायचं पाणीसुद्धा मावशी माझ्याकडचं विकत घेत नसत. अंगणात उघड्यावर पातेलं ठेवून धरलेलं पावसाचं पाणी बाटलीत भरून ठेवायच्या आणि तेच घालायच्या. वाडीतली लाईट असून नसल्यासारखी, त्यामुळे घरोघरी बॅटरीवर टीव्ही चालायचे. मॅच असली की पोरं बोटीची बॅटरी मागायला यायची आणि मावशी चुलीजवळची फुंकणी घेऊन त्यांना पिटाळायच्या. एकूण त्या बॅटरीचे लाड घरच्या माणसापेक्षा जास्त होते.

पण लाड केले म्हणून म्हातारपण चुकत नाही. त्या पावसाळ्यात मामा ती चार्जिंगला घेऊन आले तेव्हा मी नीट तपासली. आतल्या सहा सेलपैकी एक पूर्ण मेलेला, दुसरा त्याच वाटेवर. संध्याकाळी फुल करून ठेवली तर सकाळी उतरलेली. आणि सुमन रोज हिच्या भरवशावर पाण्यातून जात होती! मी म्हटलं, 'मामा, ही बॅटरी संपली. ही बोट चालूच करू शकत नाही.'

'न्हाई वो शेठ,' मामा म्हणाले, 'बोटीवं बसली की एका झटक्यात घेतीय. काल सकाळीच नर्सबाईंनी बघितलंय की.'

संध्याकाळी सुमनला विचारलं. ती म्हणाली, खरंच एका झटक्यात घेते. आता दुकानात मेलेली बॅटरी बोटीवर जिवंत कशी होते, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण मला एकच दिसत होतं की आज ना उद्या भर पाण्यात ती दगा देणार. मामा ऐकेनात तेव्हा मी माझ्या हट्टाने एक कोरी करकरीत बॅटरी उचलली आणि पाण्यावर जाऊन स्वतःच्या हाताने बोटीत बसवली. जुनी बदल्यात घेतली.

त्या सकाळी ठकूमावशी बाजाराला म्हणून अलीकडच्या काठावर आल्या होत्या. सुमन पलीकडे जायला निघालेली. तिला बघून मावशींनी पिशवीतून तांदूळ काढले, तिला हळदकुंकू लावलं आणि तिथेच दगडावर बसवून तिची ओटी भरली. मग वळल्या आणि उरलेल्या मूठभर तांदळातले चार दाणे माझ्या पायाशी ठेवलेल्या जुन्या बॅटरीवर वाहिले. तिलाही हळदकुंकू लावलं. गोठ्यातली म्हैस विकताना लावतात तसं. मला हसू आवरेना.

मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'हसू नगा. माजी ठेव हाय ती. भंगारात घालू नगा लगीच.'

हो हो म्हटलं आणि जीपमध्ये टाकून घेऊन आलो. दुकानात आल्यावर नेहमीचं काम केलं. सगळं ॲसिड पिंपात ओतून घेतलं, पेटी धुतली आणि उरलंसुरलं निथळायला म्हणून मागच्या भिंतीशी जुन्या टायरवर उपडी घातली. पावसामुळे भंगारवाला फिरकला नव्हता, नाहीतर त्याच दिवशी गेली असती. मावशींना शब्द दिला होता खरा, पण असे शब्द आपण देतो आणि विसरतो.

चार-पाच दिवस बरे गेले. मला शांत झोप लागायला लागली.

मग तो दिवस आला. सकाळपासून वारं असं की दुकानाच्या पत्र्याने नुसता धुमाकूळ घातलेला. दुपारी लोडशेडिंगने लाईट गेली ती आलीच नाही. चार्जिंग बंद, काम बंद. जवळच्या चांदे गावचा एक ट्रॅक्टरवाला, शंकर नावाचा, त्याची बॅटरी घ्यायला आला होता, तो लाईटची वाट बघत बाकावर बसला होता. मी उगाच पाने इकडचे तिकडे करत होतो. सुमनची परत यायची वेळ होत आली होती. फोनला तिकडे रेंज नाही. मनाची नुसती तगमग.

तेवढ्यात शंकर म्हणाला, 'शेठ, भात ठिवलाय का आत?'

मी म्हटलं, कसला भात, दुकानात चूल आहे का माझ्या?

'मंग कायतरी उकळतंय बघा.'

मी कान दिला. पत्र्याच्या खडखडाटाखाली खरंच आवाज येत होता. बुडबुडे फुटावेत तसा, बारीक, सलग. चार्जिंगला लावलेली बॅटरी भरत आली की येतो ना, अगदी तसा. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. पण लाईट नव्हती, चार्जर बंद होता. एकेका बॅटरीला कान लावत गेलो, सगळ्या गप्प. आवाज येत होता मागच्या भिंतीकडून. त्या टायरवरच्या उपड्या बॅटरीतून.

मी हात लावला आणि मागे घेतला. गरम होती. चटका बसावा अशी नाही, पण तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळाइतकी.

तुमच्यातले जाणकार म्हणतील, ओल्या प्लेटांना हवा लागली की त्या तापतात. बरोबर आहे, मलाही माहीत आहे. पण ते ॲसिड ओतल्यावर लगेच होतं, आणि ओसरतं. ही गेले चार-पाच दिवस थंडगार पडून होती. मी ती सुलटी केली, झाकणं काढली, विजेरी मारून आत बघितलं. थेंब नव्हता. कोरड्या प्लेटा. आणि त्या कोरड्या प्लेटांतून बुडबुड्यांचा आवाज येत होता... शंकर माझ्या खांद्यावरून बघत होता. तो म्हणाला, 'हिच्यात पानीच न्हाई की वो.'

मला दुसरं काही सुचलं नाही. सवयीने मीटर घेतला आणि दोन्ही टोकांना लावला. काटा उठला आणि बारावर जाऊन उभा राहिला.

कोरडी बॅटरी म्हणजे नुसतं शिसं आणि रबर. तिच्यात काटा हलवण्याइतकंही काही नसतं. आणि इथे बारा! मला वाटलं मीटर बिघडला. तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत काटा धाडकन खाली आला, आठ-नऊच्या मध्ये थरथरला, आणि परत वर गेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीला सेल्फ मारला की बॅटरीचा काटा असाच पडतो. इंजिन जड असेल तर असाच थरथरतो. हे दृश्य मी आयुष्यात हजारो वेळा बघितलंय. बॅटरी कुठल्याही इंजिनाला जोडलेली नव्हती, आणि कुणीतरी तिच्यावर सेल्फ मारत होतं.

काटा थोडा वेळ बारावर थांबला. पुन्हा पडला. या वेळी जास्त वेळ थरथरला आणि दमल्यासारखा हळूहळू वर आला. मला एकदम कळलं की हे इंजिन कुठलं आहे. कसं कळलं विचारू नका. मी मीटरच्या काचेकडे बघून मोठ्याने म्हणालो, 'अजून एकदा मारा मामा.' शंकरला वाटलं मला वेड लागलं.

काटा तिसऱ्यांदा पडला. पडला तो पडलाच... आणि मग उसळून बाराच्या पुढे गेला, चौदाजवळ. इंजिन चालू झालं आणि डायनामो चार्ज द्यायला लागला की काटा तिथे जातो. तिथे तो क्षणभर स्थिर राहिला. मग सरळ शून्यावर आला. बुडबुडे थांबले. मी हात लावला तर पेटी हळूहळू गार होत होती.

शंकर म्हणाला, 'मी उद्याच्याला येतो शेठ.' आणि पावसात निघून गेला.

मी शटर ओढलं आणि मोटरसायकल काढली. त्या वाऱ्यापावसात पाण्यापर्यंत कसा पोचलो ते मला आठवत नाही. फक्त एवढं आठवतं की सगळ्या वाटेत मी देवाशी भांडत होतो.

बोट काठाला बांधलेली होती. सुमन चहाच्या टपरीत बसली होती. अंगावर प्लास्टिकचा कागद, मांडीवर लसींचा डबा, हातात चहाचा ग्लास. मी तिच्यावर ओरडलोच. का ओरडलो माहीत नाही, पण ओरडलो, आणि मग तिच्याशेजारी बाकावर बसून रडलो. टपरीवाला बिचारा आत निघून गेला.

तिने सांगितलं ते असं. मधल्या पाण्यात आल्यावर इंजिन फुसफुसून बंद पडलं. वाऱ्याने बोट आडवी झाली आणि खडकांच्या बाजूला सरकायला लागली. मामांनी डिझेलमधली हवा काढली. सेल्फ मारला, इंजिन नुसतं कण्हलं. सुमन एका हाताने पोट आणि एका हाताने बोटीची कड धरून बसली होती. खडक स्पष्ट दिसत होते, ती म्हणाली, त्यांच्यावर फुटणारं पाणी अंगावर येत होतं.

मी विचारलं, 'कितीदा सेल्फ मारला?'

'तिसऱ्यांदा घेतलं,' ती म्हणाली. मग चहाचा ग्लास खाली ठेवला. 'अहो, तुम्ही इथे कसे आलात?'

मी उठून बोटीवर गेलो. माझी कोरी करकरीत बॅटरी बाहेर काढली तर हलकी लागली. उलटून बघितली. तळाशी एका बाजूने प्लास्टिक वितळून सुरकुतलं होतं आणि त्याला बारीक चीर गेली होती. तीन सेल पार कोरडे. ॲसिड दिवसभर ठिबकून बोटीच्या तळात गेलेलं. मी मामांकडे बघितलं.

ते म्हणाले, 'घरी न्हेऊन चुलीपाशी ठिवली व्हती. रोजच्यावानीच.'

रबराची पेटी जी धग वर्षानुवर्षं सोसत आली, ती प्लास्टिकला सोसली नव्हती. मामांना दोष कसला द्यायचा, त्यांनी नव्या बॅटरीचेही तेच लाड केले होते. मी ती पुन्हा जोडली आणि म्हटलं, मारा सेल्फ. त्यांनी मारला. टक सुद्धा नाही. पुन्हा मारला. काही नाही. मी मीटर आणलाच होता खिशात. काटा जागचा हलायला तयार नाही.

मी म्हटलं, 'मामा, ही तर मेलीय. मग मघाशी इंजिन घेतलं कशावर?'

मामांनी बॅटरीच्या वायरी हाताने चाचपून बघितल्या. 'घेतलं खरं,' ते म्हणाले. 'कशावं घेतलं ते मला न्हाई सांगता यायचं.'

नंतर वारा पडल्यावर मी जुनी बॅटरी परत द्यायला वाडीवर गेलो. ठकूमावशींना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या काहीतरी बोलतील, एखादं देवाचं नाव घेतील, नवस सांगतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'मला काय ठावं? मी त्या टायमाला भाकरी थापत व्हते.' बॅटरी मात्र त्यांनी घेतली नाही. 'पोर घरात येऊ द्या. तवर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या तिला.'

सुमनने दुसऱ्या दिवसापासून रजा घेतली. मला काही बोलावं लागलं नाही. मुलगी झाली. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी होती, आणि सुमनच्या हट्टाने शेगडीच्या कडेला एका पाटावर ती काळी पेटीही होती. लातूरहून आलेल्या माझ्या आईने विचारलं, हे काय रे? मी म्हटलं, असू दे गं, पाहुणी आहे.

आता कोंडीबामामांची बोट बंद झाली. सुमनची बदली होऊन ती पौडलाच आहे. पोरगी शाळेत जाते. ठकूमावशी मागच्या वर्षी गेल्या, त्यामुळे ठेव परत कुणाला करायची हा प्रश्नही राहिला नाही. बॅटरी माझ्या दुकानात पाटावर असते. भंगारवाला प्रत्येक वेळी तिच्याकडे बघतो आणि मी प्रत्येक वेळी नाही म्हणतो.

मी बॅटरीच्या धंद्यातल्या कितीतरी जाणत्यांना विचारलं. कुणी म्हणालं मीटर खराब असेल. तोच मीटर मी पुढे वर्षभर वापरला, त्यात काही खोट नव्हती. कुणी म्हणालं नव्या बॅटरीत तेवढा शेवटचा जीव उरला असेल. असेलही. पण मग माझ्यासमोर जो काटा तीनदा पडला तो कुणाचा? शंकर आजही चांद्याला आहे, पण माझ्या दुकानात तो परत कधी आला नाही. त्याची बॅटरी त्याने भावाला पाठवून नेली.

रोज संध्याकाळी मी एक गोष्ट करतो, जी सुमनलाही परवापर्यंत माहीत नव्हती. दुकान बंद करण्याआधी त्या पेटीवर हात ठेवतो आणि तिला मीटर लावतो. आमच्या धंद्यात काटा हलला नाही की गिऱ्हाईकाचं तोंड उतरतं. मी मात्र तो शून्यावर निपचित पडलेला बघतो, म्हणजे मायलेकी दोघी सुखरूप घरी आहेत असं धरून चालतो, आणि शटर ओढतो.